नकार कोणाचा?

शस्त्राविषयीचा नैतिक प्रश्न आपण बहुधा ते चालवणाऱ्याला विचारतो, घडवणाऱ्याला क्वचितच. तलवारीच्या काळी हा दुसरा प्रश्न निदान विचारता तरी येत असे, कारण गावाला आपला लोहार ठाऊक होता. आजच्या क्षेपणास्त्राला असा एक लोहार नाही. ते शेकडो हातांतून जन्माला येते आणि प्रत्येक हात म्हणतो, मी केवळ माझा तुकडा केला.

दिवाळीत आमच्या नागभीडला मुले बाटलीत बाण ठेवून पेटवतात. तो आकाशात जाईल की शेजाऱ्याच्या तणसीच्या ढिगावर, हे वारा ठरवतो. लढाईतला साधा अग्निबाणही याच जातीचा. ‘पिनाक’ अग्निबाण पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केला. १९९९ साली कारगिलच्या युद्धात तो वापरला गेला. त्यात स्फोटके भरण्याचे काम आमच्याच जिल्ह्यात, भद्रावतीच्या आयुध निर्माणीत चालते. त्याचा नवा, स्वतःची दिशा सुधारणारा प्रकार ७५ किलोमीटरपर्यंत जातो. आपण कोठे आहोत हे तो वाटेतच मोजतो, लक्ष्याशी ताडून पाहतो आणि वळतो. हा हिशेब करते ती नखाएवढी चिप. ती सिलिकॉनची असते, आणि सिलिकॉन म्हणजे आपल्या ओळखीच्या गारगोटीतलेच एक मूलद्रव्य, अतिशय शुद्ध केलेले.

ही चिप घरी घडवण्यासाठी देशाने पुष्कळ सोसले आहे. भारताचा क्षेपणास्त्र कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि १९८७ साली सात श्रीमंत राष्ट्रांनी या तंत्राच्या निर्यातीवर निर्बंध घातले. मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ पासून चिपा होऊ लागल्या होत्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये तो आगीत भस्मसात झाला आणि पुन्हा उभा राहण्यात कित्येक वर्षे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘अग्नी’चे पहिले उड्डाण झाले. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी मोहालीत घडलेली ‘विक्रम’ ही ३२ बिटांची चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली. आपल्या खिशातल्या फोनमधली चिप हिच्याहून कितीतरी बारीक असते. परंतु उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंतचे तापमान सोसण्याचा चिवटपणा हिच्यात आहे. ती उपग्रह नेणाऱ्या वाहनासाठी आहे हे खरे. पण मार्ग मोजणाऱ्या हिशेबाला, टोकावर उपग्रह आहे की स्फोटक, याची जाणीव नसते.

जो देश सुट्या भागांसाठी दुसऱ्याच्या दारी उभा राहतो, त्याच्या संरक्षणाची किल्ली त्या दुसऱ्याच्या कनवटीला असते. म्हणून हे स्वावलंबन मला न्याय्य वाटते. तरीही त्या परावलंबनात एक गोष्ट होती: कोणीतरी ‘नाही’ म्हणत होते. त्या नकारामागे सदसद्विवेक नव्हता. स्वतःची कोठारे भरलेली ठेवून दुसऱ्याला संयम शिकवण्याचा तो प्रकार होता. २०१६ साली आपणही त्याच निर्बंधकर्त्या राष्ट्रांच्या मंडळात जाऊन बसलो. आता कोणाला काय द्यायचे आणि आपण कोठे थांबायचे, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

कोणी म्हणेल, अचूक शस्त्राने निरपराध वाचतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण नेम चुकला, वारा आडवा आला, हे निमित्तही त्याबरोबर संपते. जे पडले ते पाडायचे ठरवूनच पाडले, असा त्याचा अर्थ होतो. चिप ‘कोठे’ हे सांगते. ‘का’ हे तिला कोणी विचारलेलेच नसते.

हा प्रश्न दिल्लीचा, आपला नव्हे, असे आम्हा झाडीपट्टीच्या माणसांना म्हणता येत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार दगावले. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. तरी शस्त्राची किंमत आमच्या शेजारच्या घरांनी मोजली. ज्यांच्या कष्टाने आणि प्राणाने हे बळ उभे राहते, त्यांना त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि आपण सर्वांनी तो त्यांच्या वतीने मागत राहिले पाहिजे.

शस्त्र घरी घडवणे हे स्वावलंबनाचे अर्धे काम झाले. ते कोठे उचलायचे नाही, हेही ज्या घरात ठरते आणि पाळले जाते, तेच घर खऱ्या अर्थाने आपल्या पायांवर उभे असते.