रांगेत मागे कोण?

2020 च्या वसंतात मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या. टाळेबंदीत गाडी कोण घेणार, हा हिशेब वरवर बरोबरच होता. पण त्याच टाळेबंदीने घरोघरी लॅपटॉप नेले, आणि कारखान्यांनी मोकळी झालेली क्षमता त्या गिऱ्हाइकांना देऊन टाकली. वर्षअखेर गाड्यांना मागणी परतली, तेव्हा मोटारवाले रांगेत मागे होते. सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडायला सुमारे तीन महिने लागतात. कितीही पैसा ओता, ते फारसे घटत नाहीत.

पुढे टेक्ससमधलं हिमवादळ, जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका कारखान्यातली आग. त्यांच्यावर खापर फोडणं सोपं आहे. दुखणं मात्र जुनं होतं. काच वरखाली करणारी किंवा एअरबॅग सांभाळणारी चिप जुन्या तंत्राची, स्वस्त असते. इतक्या कमी नफ्यासाठी नवा कारखाना कोण उभारणार? चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही 700 साठी लोक महिनोन्‌महिने थांबले, त्यात या चिल्लर चिपचा वाटा मोठा.

टोयोटा जास्त काळ तगली. 2011 च्या भूकंपात दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून पुरवठादारांना तिने चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता. तरी सप्टेंबर 2021 मध्ये तिलाही ठरलेलं उत्पादन 40 टक्क्यांनी कापावं लागलं. आणि सगळेच साठा करू लागले तर? तेच झालं. भीतीपोटी गरजेपेक्षा जास्त ऑर्डर गेल्या, खरी मागणी किती हे कारखान्यांनाही कळेना, आणि 2023 मध्ये मेमरी चिपवाले पडलेल्या भावांत तोटा सोसत बसले.

आता रांगेत पुढे आहेत एआयची डेटा सेंटर. त्यांची एचबीएम मेमरी साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करायचं जाहीर केलं. या खेपेला मागे राहिलो ते आपण, घरचा संगणक घेणारे.

धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा कारखाना 28 नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राच्या चिप करणार आहे. म्हणजे मोटारींना लागतात तशा. निवड शहाणपणाची. फक्त मंदीत परदेशी चिप स्वस्त मिळेल तेव्हाही इथलीच घेऊ, असं आपले गाडीवाले आजच लिहून देतील का? सरकारी अनुदानाच्या आकड्यापेक्षा मला त्या कागदाची उत्सुकता जास्त आहे.