अवयव, अवयवी आणि बिनछताची मस्टँग

ड्रॅग रेसिंग म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कापण्याची शर्यत. तिच्यासाठी कन्व्हर्टिबल, म्हणजे छत खाली घेता येणारी गाडी, बांधताना भारतीय दर्शनांतला एक जुना प्रश्न प्रत्यक्ष पुढ्यात येतो : सुट्या भागांहून वेगळी अशी ‘एक वस्तू’ खरोखर असते का?

१९६५ची फोर्ड मस्टँग पाहावी. तिला वेगळी चौकट नाही; तळ, बाजू आणि छत मिळूनच भार पेलतात. कन्व्हर्टिबलमध्ये पक्के छत नसल्याने कारखान्यातच दरवाजांखालचे पत्रे जाड केले गेले. रस्त्यासाठी तेवढे पुरते. शर्यतीत मात्र मोठ्या इंजिनाचा जोर आणि घट्ट पकडणारे मागचे टायर यांमुळे गाडी सुटताच पुढचा भाग उचलला जातो आणि सगळी बॉडी पिळवटते. म्हणून पुढचा व मागचा सांगाडा पोलादी पट्ट्यांनी जोडतात, आत नळ्यांचा पिंजरा वेल्ड करतात. त्यासाठी तळाचा पत्रा कापण्याआधी दरवाजांच्या चौकटीत आडवे टेकू लावावे लागतात. नाहीतर गाडी मध्येच खचते आणि मग दरवाजा काही केल्या नीट बसत नाही. १९५१मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमांत रोल बार, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी नळीची कमान, छताच्या जुन्या गाडीला पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापल्यास सक्तीचा, तर कन्व्हर्टिबलला १३.४९ सेकंदांपासूनच.

आता तो जुना प्रश्न. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो, की ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे आस, चाके की जू? यांपैकी काहीच रथ नव्हे. त्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालते, इतकेच. न्यायदर्शनाला हे मान्य नाही. अवयवांत राहणारा, पण त्यांहून निराळा असा अवयवी, म्हणजे एक पूर्ण वस्तू, असतो, असे ते मानते. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यासाठी एक युक्ती येते : वस्तूचा एक भाग धरला किंवा ओढला, की सारी वस्तू येते. भाष्यकार वात्स्यायनाने स्वपक्षाच्याच या युक्तीतली उणीव दाखवली, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही ओढल्यावर एकत्रच येतात. पण त्यांतून नवी एक वस्तू निर्माण झालेली नसते. हे काम ‘संग्रहा’चे, म्हणजे भागांना धरून ठेवणाऱ्या गुणाचे.

वेल्डिंग ही या गाडीची लाखच. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस असे सारे बदलल्यावर न्यायाच्या जोडीचे वैशेषिक दर्शन मानणारे म्हणतील, जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजला. नोंदणीच्या कागदावर मात्र गाडी तीच. हा वाद गाजलेला असला, तरी खरा पेच दुसरीकडे आहे. नैयायिकांचा अवयवी एक तर असतो किंवा नसतो. नागसेनाचे नावही तसेच, लागते किंवा लागत नाही. पिळवटणाऱ्या कन्व्हर्टिबलमध्ये मात्र एकपणाला कमीअधिक प्रमाण असते. मागच्या चाकांचा रेटा पुढच्या टोकापर्यंत किती पोचतो आणि किती वाटेतच पिळात जिरतो, यावर ते ठरते. हे प्रमाण दोन्ही पक्षांच्या मांडणीत बसत नाही. पिंजऱ्याचा एखादा सांधा तडकला तर गाडीचा एकपणा उणावतो, आणि तेव्हा तिच्या भागांची यादी जराही बदललेली नसते.