ठेव सर्वांची, राखण कोणाची?

याहू कंपनीने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील 'जिओसिटीज' बंद केले. सामान्य माणसांनी हौसेने उभारलेली लाखो पाने एका निर्णयाने पुसली गेली. त्यांतली बरीचशी वाचली, ती 'आर्काइव्ह टीम'च्या स्वयंसेवकांनी वेळीच उतरवून घेतली म्हणून.

मग एकाच मालकाच्या कोठारात सगळे ठेवावेच कशाला? माहिती अनेकांच्या संगणकांवर विखरून ठेवावी, हा विचार २०१५ साली आलेल्या 'आयपीएफएस'ने पुढे नेला. तिथे फाइलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच काढला जातो. प्रत कोणाकडेही असो, त्या पत्त्याने ती शोधता येते.

पण निदान एकाने तरी ती प्रत मुद्दाम जपायला हवी. कोणीच जपली नाही, तर पत्ता उरतो आणि मजकूर जातो. उलट, प्रती एकदा पसरल्या की लिहिणाऱ्याला कितीही पश्चात्ताप झाला तरी त्या परत घेता येत नाहीत.

गावच्या सामाईक विहिरीतला गाळ उपसायला कोणीतरी पुढे यावेच लागते. मालक गेला म्हणून जबाबदारी जात नाही. ती आपल्या वाट्याला येते. यंत्र अमानत साठवील. काय जपावे आणि कोणाची चूक विसरू द्यावी, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.