वाकणारा आरसा



दृढीकरण संस्काराच्या वर्गाला वारंवार गैरहजर राहिलेल्या मुलांना यंदा संस्कार द्यावा की नाही, असा प्रश्न पालकांच्या सभेत निघाला. एका मातेने विचारले, "फादर, एकाला सूट दिली तर नियमाला अर्थ काय उरला?" प्रश्न रास्त आहे. त्यावर विचार करताना आम्हांला दुर्बिणीतला आरसा आठवला.

तारा लुकलुकतो, पण थरथर ताऱ्यात नसते. दूरवरून नीट आलेला त्याचा प्रकाश शेवटच्या काही किलोमीटरांत, गरम-थंड हवेच्या थरांत वेडावाकडा होतो. हवा थांबवता येत नाही, तर आरसा वाकवावा, असे होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञाने 1953 साली सुचवले. आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेने अमेरिकेतील कॅल्टेकबरोबर 'रोबो-एओ' ही अशीच यंत्रणा घडवली. 2011 साली ती कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या 60 इंची दुर्बिणीवर बसली. तिचा वाकणारा आरसा नखाहून लहान. तो शंभरावर बिंदूंपाशी, सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आकार बदलतो. प्रकाशाची लाट जिथे मागे पडली असेल, तिथे आरसा तिला घ्यायला पुढे येतो.

अॅरिस्टॉटलने लेस्बोस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे; ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाके. संत थॉमस अक्वायनस विचारतात, ठेव परत करावी हा नियम खरा, पण वेड्याने वेडाच्या भरात आपली तलवार मागितली तर? तेथे नियमाचे अक्षर पाळणे म्हणजे नियमाचा हेतू मोडणे होय.

मग हवे तसे वाकावे काय? नाही. आरसा मर्जीने वाकत नाही, आधी मोजतो. मोजण्यासाठी आकाशात लेझरचा कृत्रिम तारा उभा करतात. गंमत अशी की तेवढ्याने भागत नाही. लेझर ज्या हवेतून वर जातो तिच्यातूनच खाली येतो. त्यामुळे प्रतिमा एकूण किती सरकली हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी देवाने निर्माण केलेला खराच तारा लागतो. आमची हजेरीवही हा आमचा लेझर आहे.

आणखी एक. एका ताऱ्यासाठी केलेली दुरुस्ती आकाशाच्या लहानशा तुकड्यापुरतीच चालते. थोडे दूर पाहिले की हवा वेगळी, तिथे पुन्हा मोजावे लागते. त्या मातेला आमचे उत्तर येथून सुरू होते. एकाला दिलेली सवलत दुसऱ्याचा हक्क होत नाही, आणि त्याने नियमही मोडत नाही. मात्र प्रत्येक घराची हवा वेगळी मोजण्याचे कष्ट घ्यावे लागतात. ते टाळण्यासाठीच आपण पुष्कळदा कडक होतो.

आम्हीही झालो होतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्ही एका मुलीचे नाव यादीतून काढले. आई रात्रपाळीला जाई, रविवारी सकाळी झोपे आणि धाकट्या भावाला हीच सांभाळी, हे आम्हांला नंतर कळले. आम्ही घरी गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते. शेजाऱ्यांना नवा पत्ता ठाऊक नव्हता.

यंदा कोणतेही नाव काढण्यापूर्वी आम्ही त्या घरी येऊ. रात्रपाळी असल्यास सोयीची वेळ धर्मग्राम कार्यालयात कळवावी.

आपले धर्मगुरू