आज रात्री कोण कुठे झोपणार?

चि. ताईस,


सरपंच झाल्यावरची तुझी ही पहिलीच थंडी. परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, हवामान खात्याचा इशारा आला की मी लगेच ग्रुपवर टाकते." चांगलं करतेस. पण फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. त्या ग्रुपवर कोण कोण आहे ते मला ठाऊक आहे. बागायतदार आहेत, सोसायटीचे संचालक आहेत, नाशिकला राहायला गेलेली आपली पोरं आहेत. थंडी ज्याला सगळ्यात आधी गाठते, तो माणूस त्यात नाही.

मी नोकरीत होतो तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. पौष महिना होता. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला होता आणि आम्ही शिक्षक द्राक्षांबद्दल बोलत होतो. कुणाच्या बागेत मणी तडकले, कुणी पहाटे शेकोट्या केल्या, कुणी ठिबक चालू ठेवलं. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. ऊसतोडीच्या कोपीवरचा. म्हणाला, "गुरुजी, बारकी रडंना." धावत गेलो. वीस दिवसांची पोर, पाचटाच्या कोपीत, ओलसर फडक्यात गुंडाळलेली. पोट गार, तळपाय गार, तोंडातून आवाज नाही. तिच्या आईला सांगितलं, ओलं फडकं काढ, लेकराला उघडं करून तुझ्या छातीशी धर. वरून माझी घोंगडी पांघरली आणि जीपमधून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. पोर वाचली. पण शाळेपासून ती कोपी तीनशे पावलांवर होती, आणि थंडीच्या बातम्या मी दोन दिवस वाचत होतो. हे मला आजही टोचतं.

म्हणून सांगतो, इशारा आला की तो पुढे पाठवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचार: आज रात्री आपल्या शिवारात कोण कुठे झोपणार आहे?

इशारा वाचायचा कसा, तेही समजून घे. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हातपाय हलवा. पण थंडीची लाट म्हणायला खात्याचे स्वतःचे निकष आहेत. आपल्यासारख्या सपाटीच्या मुलखात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली जावं लागतं, आणि शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी असावं लागतं. फरक 6.4 अंशांच्या पुढे गेला की ती तीव्र लाट. पारा 4 अंशांवर किंवा त्याखाली आला तर सरासरी न बघताही लाट धरतात, आणि 2 अंशांवर तीव्र लाट. आता हिशोब कर. आपली सरासरी 10 अंश धरली, तर 5.5 पर्यंत खाली आल्याशिवाय लाट नाही. म्हणजे 7 अंशांच्या रात्री इशारा नसेल, आणि त्याच रात्री कोपीतलं लेकरू गारठलेलं असेल. खातं चुकतं असं मी म्हणत नाही. त्यांना सगळ्या मुलखासाठी एक माप लावावं लागतं. आपल्या गावाचं माप आपण लावायचं.

आणखी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला जो आकडा आपण निफाडचा पारा म्हणून वाचतो, तो जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचा असतो. तो तसाच मोजायचा असतो, जगभर तसाच मोजतात. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत राहते आणि जमिनीलगतची हवा त्या आकड्यापेक्षा काही अंशांनी थंड होते. म्हणूनच पेटीत पारा शून्यावर असतानाच नव्हे, तर त्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही पानावरचं दव गोठतं. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकून गेला, मागून कोरडे वारे आले आणि आभाळ स्वच्छ झालं, की पुढच्या दोन-तीन रात्री सांभाळायच्या. जड, थंड हवा पाण्यासारखी सखल भागात उतरते. गोदावरी आणि कादवेच्या काठची, नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूची शिवारं म्हणूनच जास्त गारठतात. 2018 च्या डिसेंबरअखेर निफाडचा पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता, तुला आठवत असेल. आणि आपल्याकडे कोप्या कुठे पडतात? फडाजवळ, पाण्याजवळ, सखलात. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या वाट्याला पेपरातला आकडा येत नाही, त्याहून वाईट आकडा येतो.

तेव्हा इशारा आला, किंवा इशारा नसतानाही अशी रात्र दिसली, की संध्याकाळी पाचच्या आत आशाताई, अंगणवाडीताई आणि पोलीस पाटलांना घेऊन एक फेरी मार. ऊसतोडीच्या कोप्या पाहा. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला आलेली माणसं कुणाच्या शेडमध्ये उतरली आहेत, ते बागमालकाला विचार. कांदा लागवडीच्या टोळ्या पाहा. या बायका पहाटेच्या चिखलात पाय घालून रोपं लावतात. मालकाला स्पष्ट सांग की इशाऱ्याच्या दिवसांत काम ऊन पडल्यावर सुरू होईल आणि रोजात कपात होणार नाही. तो कुरकुरेल. तुझ्या शब्दाला आता वजन आहे, ते अशाच ठिकाणी खर्च कर. बाळंतीण आणि तान्हं मूल कोपीत असेल, तर त्यांना त्या रात्रीपुरतं शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत आण. ठराव नंतर करता येईल. खाली गवत किंवा पाचटाचा जाड थर, त्यावर गोणपाट, मग गोधडी. जमिनीकडून येणारा गारठा वरच्या पांघरुणाने थांबत नाही.

आता शेगडी. हे मात्र भोंग्यावरून, तुझ्या स्वतःच्या आवाजात सांग. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि गुंगीत माणसाला वाटतं की छान झोप लागते आहे. अशी झोपलेली माणसं उठत नाहीत. खोलीत कुणाला असा त्रास होऊ लागला तर आधी सगळ्यांना उघड्यावर काढायचं, मग 108 ला फोन. आणि कोपीजवळ शेकोटी केली तर दहा पावलं दूर, पाण्याची बादली शेजारी, झोपण्याआधी विझवलेली. पाचट कसं पेट घेतं ते तू लहानपणी पाहिलं आहेस.

दारूने ऊब येते ही समजूत फार माणसं मारते. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, म्हणून गरम वाटतं, पण अंगातली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. स्टँडवर, पारावर कुणी पिऊन पडलेला दिसला तर "उतरेल सकाळी" म्हणून पुढे जायचं नाही, हे पोरांना सांग. थंडीने कुडकुडणारा माणूस अजून झुंजतो आहे. कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, बोलणं असंबद्ध झालं, की वेळ थोडा उरला. त्याचे ओले कपडे काढा, छाती-पोट आधी पांघरा, शुद्धीत असेल तर कोमट गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, एकदम विस्तवाशी नेऊ नका.

रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला जाणाऱ्यांची तर मला रोज काळजी वाटते. अंगभर ओला माणूस, वाऱ्यात, एकटा. दिवसा थ्री फेज मिळावी म्हणून तुझा पाठपुरावा चालू आहे, तो सोडू नकोस. तोवर लाटेच्या रात्री जोडीने जावं, कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत न्यावा. पन्नाशीच्या पुढच्यांनी, त्यातून रक्तदाब असलेल्यांनी जाऊच नये. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो. तुझे आबा पहाटेच गेले, हे मी वेगळं सांगायला नको.

धुक्याचंही बघ. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या पहाटे रस्त्यावर असतात. लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या फार महाग नाहीत, ग्रामपंचायतीने आणून प्रत्येक गाडीला मागून लावून द्याव्यात.

बागांबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाही. बागायतदारांना कृषी सल्ला मिळतो, त्यांचं त्यांना कळतं, आणि त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत पोचतोच.

भोगीच्या आधी मी येतोच आहे. तोवर मामीने सात गोधड्या उन्हात घालून बांधून ठेवल्या आहेत. बुधवारी दुधाच्या गाडीबरोबर पाठवतो. फडाकडच्या कोप्यांत किती लेकरं आहेत ते मोजून कळव, म्हणजे कानटोप्या किती विणायच्या ते तिला सांगता येईल.

तुझा,
मामा