मंडईत, डोळे मिटून

सकाळी पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत जा. एखाद्या खांबाला टेका, पिशवी पायांशी ठेवा, डोळे मिटा. (पाकीट तेवढं सांभाळा.)

आवाज येऊ द्या. मेथीची जुडी झटकल्याचा. पोती ओढल्याचा. बाहेरच्या रिक्षांचा. 1886 सालची ही दगडी इमारत, छत उंच. आवाज वर जातो, घुमतो, रेंगाळत खाली येतो.

आता एकच आवाज धरा. समोरच्या मावशी भावावरून कुणाशी तरी हुज्जत घालतायत. हळूहळू त्यांचं बोलणं पुढं येतं, बाकीचं मागं सरतं. तांदूळ निवडताना खडा बाजूला सरावा, तसं. 1953 साली संशोधक कॉलिन चेरींनी माणसांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळे मजकूर ऐकवले. एकाचा माग त्यांना सहज काढता आला. दुसऱ्यात काय होतं, ते जवळपास सांगताच येईना.

श्वास सावकाश सोडा. समजा, हे निवडणंच थांबलं. मावशी, रिक्षा, पोती, सगळं सारख्याच अंतरावर. आणि त्यातच कुणीतरी तुम्हाला काही विचारून उत्तरासाठी खोळंबलंय.

काही मुलं वर्गात रोज अशी बसतात. कान ठणठणीत. तपासणीच्या शांत खोलीत बारीकशी शिट्टीही ऐकू येते, रिपोर्ट नॉर्मल. कानानं आणलेलं उलगडताना मेंदूची ओढाताण होते. मग घरी विचारतात, "ऐकू येतं ना? मग लक्ष कुठंय?" हा प्रश्न मला फार निष्ठुर वाटतो. लक्ष तिथंच असतं, पार दमेपर्यंत.

तळहात ओठांपुढे धरा. म्हणा, कडू. आता, खडू. हाताला लागली ती फुंकर, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढीही नाही. बाक सरकला, पंखा खडखडला, की ती गेली. बाई खडू मागतात आणि असा मुलगा गोंधळून शेजाऱ्याकडे बघतो. वर्ग हसला की तोही हसतो, किंचित उशिरा. ओरडून सांगण्यात अर्थ नाही. ओरडताना स्वर फुगतात, फुंकर आहे तेवढीच राहते.

डोळे मिटलेलेच असू द्या. मनानं घरी या. मिक्सर बंद करा. त्याच्यासमोर, त्याला तुमचे ओठ दिसतील असे बसा. विचारा, "उद्या डब्यात काय देऊ?"

पुन्हा विचारू नका. थांबा.

"थालीपीठ," तो म्हणतो. जरा वेळानं, "लोणी वेगळ्या डबीत."