थार द्यावी, जीप घ्यावी?

आज काही ठरवायचं नाही, एवढं आधी ठरवून टाकू. हातातला चहा निवांत संपवा. फोनवर त्या जुन्या जीपचे फोटो उघडे असतील तर फोन पालथा ठेवा. विकणाऱ्याला "उद्या सांगतो" म्हणाला असाल तर आणखी चार दिवस मागून घ्या. पस्तीस वर्षं उभी असलेली गाडी आणखी चार दिवस उभी राहील. घाई असलीच तर ती तुम्हाला आहे किंवा त्याला.

दारात तुमची थार आहे, २०२० च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या पिढीतली. मनात मात्र एक जुनी महिंद्रा जीप ठाण मांडून बसली आहे. एमएम ५४० म्हणू. कुणाच्या मनात हाय बोनेट असेल, कुणाच्या जिप्सी. नाव बदलून वाचा, प्रश्न तोच राहील. समोरचा माणूस अदलाबदलीला तयार आहे, वर थोडे पैसेही देतो म्हणतोय. तुम्हाला हो म्हणावंसं वाटतंय आणि का ते नीट सांगता येत नाहीये. त्या 'का'पाशी जरा बसू.

खाली जा आणि थारमध्ये बसा. इंजिन सुरू करू नका. गिअरच्या दांड्याशेजारचा आखूड दांडा बघा: टू हाय, फोर हाय, न्यूट्रल, फोर लो. हा दांडा फोर लोमध्ये शेवटचा कधी पडला? आठवत नसेल तर नाही म्हणा, ओढूनताणून एखादी सहल आठवू नका. या गाडीचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर आहे. साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून ती जाईल, असं कंपनी सांगते. तिने आजवर पाहिलंय ते सोसायटीचं तळघर, ऑफिसचा रस्ता आणि पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत लागलेली रांग. यात गाडीचा दोष नाही, तुमचाही नाही. पण नवी गाडी कंटाळवाणी वाटू लागली असेल तर एवढं तपासून घ्या: कंटाळा गाडीचा आलाय की तिला रोज जिथे न्यावं लागतं त्या रस्त्याचा? रस्ता तोच राहणार असेल तर जीपही त्याच सिग्नलला उभी राहील, फक्त एसीशिवाय.

आता डोळे मिटा आणि तुमच्या आयुष्यातली पहिली जीप आठवा. कुणासाठी ती साताऱ्या-सांगलीकडचं वडाप असेल, आत माणसांवर माणसं आणि मागच्या फळीवर लोंबकळणारी दोन पोरं. कुणासाठी पाटबंधारे खात्याच्या साहेबांची, जिच्या मागे गावभर धुरळा उडायचा. कुणाच्या गावात ती निवडणुकीत कर्णे बांधून यायची, कुणाच्या घरी मामा घेऊन यायचा. चित्र स्पष्ट होऊ द्या. ताडपत्रीच्या हुडाचा वास, डिझेलचा वास, गुडघ्याला लागणारा बाकड्याचा गार पत्रा. आता त्या चित्रात स्वतःला शोधा. तुम्ही कुठे बसला आहात?

बहुतेक जण मागे सापडतील. आपण लहान होतो आणि पुढे कुणीतरी मोठं माणूस चालवत होतं. इंजिनाचा आवाज जरा बदलला की त्याच्या कपाळावर आठी पडायची, ती आपल्याला मागून दिसत नव्हती. बंद पडली तर खाली तो शिरायचा, फिटरला तो बोलवायचा, पैसेही तोच द्यायचा. आपल्या वाट्याला वारा होता. आठवण मागच्या बाकड्यावरची आहे आणि सौदा पुढच्या सीटचा आहे. या दोन जागांमधलं अंतर मनात नीट मोजा. इथे हवा तेवढा वेळ घ्या.

मोजून झालं असेल तर मनानेच पुढच्या सीटवर या. किल्ली अर्धी फिरवून थांबा, हीटर तापू द्या. थंडीच्या सकाळी जरा जास्तच थांबावं लागतं. मग स्टार्टर मारा. सगळी गाडी एकदा अंग झाडते, मागून काळा धूर निघतो, इंजिन लयीत येतं आणि दांड्याची मूठ तळहातात थरथरत राहते. प्यूजोच्या परवान्याने इथे बनलेलं हे डिझेल इंजिन २.१ लिटरचं, ताकद साठेक हॉर्सपॉवरची. थारच्या डिझेलची १३०. गिअर चारच. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीचं चाक वळवायला खांदा लावावा लागतो. सत्तरच्या पुढे गेलं की शेजारच्याशी ओरडून बोलायचं आणि आरशात ट्रकचे दिवे बघायचे. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असतील तर फोर-व्हीलसाठी आधी चिखलात उतरायचं, उकिडवं बसायचं आणि दोन्ही हब हाताने फिरवायचे. मगच दांडा टाकायचा.

हे वाचताना अंगात काय होतंय तिकडे लक्ष असू द्या. हसू येतंय की खांदा आताच दुखू लागलाय? जे होतंय ते होऊ द्या, सुधारायला जाऊ नका.

मग मागे वळून बघा. त्या समोरासमोरच्या बाकड्यांवर कोण बसणार आहे? नावं घेऊन सांगा. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत थारला मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्हींच्या सुरक्षिततेसाठी चार-चार तारे मिळाले. तिच्यात एअरबॅग आहेत, एबीएस आहे. जुन्या जीपमध्ये यातलं काही नाही. ब्रेक ड्रमचे, बाकड्यांना पट्टे नाहीत. गराजमध्ये हमखास ऐकू येतं, "साहेब, पत्रा जाड आहे, हिला काही होत नाही." हिला होत नाही, हे खरं असेल. पण न चेपणारा पत्रा धडकेचा झटका स्वतःकडे ठेवत नाही, तो आत बसलेल्यांना देतो. स्वतःची जोखीम माणूस स्वतः पत्करू शकतो. दुसऱ्याची परस्पर पत्करता येत नाही. मघाशी घेतलेल्या नावांत मुलीचं नाव होतं का? म्हाताऱ्या वडिलांचं? घरात ही एकच गाडी राहणार असेल, रात्री-अपरात्री दवाखान्यालाही हीच काढावी लागणार असेल, तर विचार इथेच थांबवायला हरकत नाही. उत्तर मिळालं आहे. घरात दुसरी गाडी असेल आणि जीप तुम्ही एकट्यानेच पहाटे काढणार असाल, तर पुढे चला.

कागदांपाशी फार रेंगाळायचं नाही, पण ते ओलांडूनही जायचं नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर. आरसी बुकावर पेट्रोल लिहिलंय आणि बोनेटखाली डिझेल इंजिन आहे, अशा जीपा आपल्याकडे पुष्कळ. इंजिन बदलल्याच्या नोंदीवर आरटीओचा शिक्का नसेल तर ते दुखणं मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सही करताक्षणी तुमचं होतं. 'जुनी म्हणजे व्हिंटेज' असंही मनात असेल तर ते काढून टाका. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज ठरायला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते, आणि तशी नोंद झाली की ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. रोज फिरवायची नाही. तुमच्या थारवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद, म्हणजे एचपी, उतरवणं, मग बाकीच्या गप्पा.

आता प्रत्यक्ष गाडीजवळ जा. खिशात एक लहान लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळलेलं. फोटोत झळकणाऱ्या त्या हिरव्या रंगावरून ते हळूहळू फिरवा. दारापाशी चिकटलं, बोनेटवर चिकटलं, मागच्या चाकावरच्या पत्र्याशी आलं आणि निसटलं. तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. रंगाखाली काय आहे ते आता फक्त गंजाला माहीत. पायाखालचं रबरी मॅट उचला. चासीवरचा नंबर शोधा. ग्रीस आणि मातीच्या थराखाली असेल, फडक्याने पुसा आणि आकडा न् आकडा आरसीशी ताडून बघा. हे करताना चिडू नका, सौदा मोडायच्या हेतूनेही करू नका. फोटोतली जीप आणि ही जीप एक नाही, एवढंच डोळ्यांना कळू द्या. मग विचारा: ही, लांबी भरलेली, मला हवी आहे का?

जुन्याच्या बाजूनेही तितक्याच सावकाश बघू. थार १,८२० मिलिमीटर रुंद आहे, जिप्सी १,५४०. फरक वीतभराहून जास्त. कोकणात दोन गडग्यांमधल्या पाणंदीत गाडी घालून पाहिली असेल त्याला या वीतभराचं मोल सांगावं लागत नाही. जिप्सीचं वजन साधारण एक टन, थारचं पावणेदोनच्या आसपास. भुसभुशीत मातीत हलकी गाडी वर राहते. १९८५ ते २०१९ इतकी वर्षं ती विकली गेली, लष्कराने वापरली, आणि ताडोब्यात आजही सफारीची गाडी म्हणजे लोकांच्या तोंडी जिप्सीच. जुन्या डिझेल जीपला स्कॅनर लावावा लागत नाही. तालुक्याच्या गावातला फिटर कान देऊन ऐकतो आणि पंपाकडे बोट दाखवतो. फक्त तो फिटरही आता साठीच्या पुढे गेलाय आणि त्याचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, हेही हिशोबात धरा. पेट्रोल जिप्सी घेत असाल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे आधीच धरून चला.

सगळं ताटात वाढून झालं. आता थोडं मागे सरून बघा. वेग, ब्रेक, सुरक्षितता, चढाची ताकद, पाण्यातून जाणं, पावसात कोरडं राहणं, जवळजवळ सगळ्यांत थार उजवी आहे. जीप तुम्हाला अशा फारशा ठिकाणी नेणार नाही जिथे थार पोहोचत नाही. मग तिच्याकडे असं काय आहे जे मनाला ओढतं?

ती काम मागते. नळ आणि रहाट यांत पाणी तेच असतं, पण रहाटाला हात लागतात आणि हात लागलेलं पाणी आपण सांडत नाही. जीप हीटरसाठी थांबवते, आवाज ऐकायला लावते, दर काही दिवसांनी ग्रीसगन घेऊन खाली झोपायला लावते. पाट्यांचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे जॉइंट, प्रत्येक निप्पलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरत राहायचं. दिवसभर पडद्यावर बोटं फिरवणाऱ्या माणसाला असं काम हवंसं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. तुम्ही जे देणार आहात ती सोय आहे आणि जे घेणार आहात ते कष्ट आहेत. थारऐवजी जीप हवी का, हा प्रश्न म्हणून थोडा आडवळणाचा आहे. सरळ प्रश्न असा: कष्ट हवे आहेत का?

याचं उत्तर डोक्यात मिळत नाही, हातांना विचारावं लागतं. त्यासाठी अजून कुणालाही काही द्यायचं नाही. महिनाभर रविवारची सकाळ थारला द्या. हवा स्वतः तपासा, एअर फिल्टर स्वतः काढून झटका, गाडीखाली झोपून कुठे ओल दिसते का बघा, चाक एकदा स्वतः बदला. भोरकडून वरंध घाट पडद्यावरचा नकाशा न लावता, गाणी न लावता, सावकाश उतरा. तो छोटा दांडा एखाद्या कच्च्या वाटेवर, शक्यतो माहीतगार माणसाला सोबत घेऊन, फोर लोमध्ये टाका आणि गाडी पावलापावलाने कशी चढते ते अंगाने समजून घ्या. दुसऱ्या रविवारी उठावंसं वाटलं का, तिसऱ्या रविवारी अंगठ्याच्या नखातला काळेपणा आवडला का, याची मनात नोंद ठेवा. कंटाळा आला तर जीप ताडपत्रीखाली जाईल हे नक्की, आणि ते कळायला थार गमवावी लागली नाही. हुरूप वाढत गेला, तर ज्या माणसाला जीप सांभाळता येते तो माणूस घरात आहे.

महिन्याच्या शेवटी घरातल्या त्या माणसापुढे बसा जो शेजारच्या सीटवर बसणार आहे. जीप किती सुंदर आहे ते सांगू नका, किमतीचंही नंतर बघू. एकच वाक्य बोला: "माझ्या रविवारच्या सकाळी आणि वर्षाचे इतके हजार रुपये मी या गाडीला देणार आहे, आणि तुम्हाला लांब नेताना ही गाडी काढणार नाही." 'इतके'च्या जागी खरा आकडा घाला. वाक्य न अडखळता पुरं झालं आणि समोरून "बरं" आलं, तर विकणाऱ्याला फोन करा आणि चुंबक बरोबर न्या. आकड्यापाशी किंवा शेवटच्या अर्ध्या वाक्यापाशी जीभ अडली, तर त्याला नकार कळवा, म्हणजे ती जीप दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.